चौकातला कृष्णधवल वाढदिवस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौक आहे. चौकात एका थोर माणसाचा अर्धपुतळा आहे म्हणतात. मी तो शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही, कारण त्याच्यासमोर बारा महिने फ्लेक्स लागलेले असतात. कुणाची निवड, कुणाचं अभिनंदन आणि सगळ्यात जास्त वाढदिवस. तीन वर्षांचं पोर, डोळ्यांवर बापाचा गॉगल, गळ्यात आजीची चेन, मागे ढगातून डोकावणारा वाघ आणि वर सोनेरी अक्षरांत 'युवराज'. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, आणि त्यातलं प्रत्येक मुंडकं फोनवर बोलतंय. कोणाशी बोलतात कोण जाणे. जळगावच्या उन्हात महिनाभरात लाल-पिवळा रंग उडतो आणि युवराज, वाघ, शुभेच्छुक सगळे निळे पडतात. मग त्यांच्या उरावर नवा युवराज चढतो.

हे सगळं मी वर्षानुवर्षं नाक मुरडून पाहत आलो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाश शिकवता शिकवता कॅमेऱ्याचा नाद लागला तो लग्नाच्या आधीच. आमच्या नातेवाइकांची समजूत अशी, की कॅमेरा असलेला माणूस म्हणजे फुकटचा लग्नाचा फोटोग्राफर. "सर, कॅमेरा घेऊन या बरं का." मी जायचो. मांडवामागे भांड्यांच्या ढिगाजवळ एकटीच टेकलेली नवरीची आई टिपायचो. ते फोटो पाहून लोक विचारायचे, "स्टेजवरचे कुठे आहेत?" गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मी घरी यायचो.

बरं, ज्यांना चव आहे म्हणावं त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आम्हा हौशी फोटोग्राफरांचा एक कंपू आहे. त्यात एक डॉक्टर आहेत, त्यांच्या लेन्समधून चंद्रावरचे खड्डे दिसतात. समोर बसलेला पेशंट दिसत असेल की नाही शंका आहे. हा कंपू रविवारी गाड्या काढून चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जातो आणि एका म्हातारीच्या सुरकुत्यांचे फोटो काढतो. नऊ जणांनी काढलेली ती एकच म्हातारी प्रत्येक प्रदर्शनात असते. कधी नाव 'जीवन', कधी 'संघर्ष'. आता तिला सवय झाली आहे. गाडीचा आवाज आला की ती आपणहून उन्हाकडे तोंड करून दारात बसते आणि नंतर चहापत्ती मागून घेते. त्या सगळ्या मंडळींत शहाणी तेवढी तीच. मला या लोकांची मनापासून कीव यायची. मी म्हातारीच्या वाटेला कधी गेलो नाही. मला घरीच दोन मुली होत्या.

थोरली आठ वर्षांची, धाकटी पाचची. गेल्या वर्षी थंडीत थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सकाळचं तिरपं ऊन अर्ध्या चेहऱ्यावर, अर्धा चेहरा अंधारात, पापण्या खाली. मी फोटो काढला, रंग काढून टाकला आणि कृष्णधवल करून स्पर्धेला पाठवला. नाव दिलं 'प्रतीक्षा'. तिसरा क्रमांक आला. पहिला क्रमांक म्हातारीला गेला, हे वेगळं सांगायला नको. परीक्षक म्हणाले, या मुलीच्या मौनात एक काळ गोठलेला आहे. तिच्या मौनात त्या दिवशी फक्त कच्च्या तुरीचे दाणे होते, ती तोंड भरून खात होती. पण परीक्षकाचं वाक्य मला आवडलं होतं. मी त्या फोटोची तीन फुटी प्रिंट काढली, काळ्या फ्रेममध्ये घातली आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली.

सासूबाई आल्या तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरीला बरं नव्हतं का तेव्हा?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "रंगीत नाही का निघाला?" जणू रंगाची शाई संपली म्हणून मी तसाच घरी घेऊन आलो होतो. अशा लोकांना उत्तर देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा वाढदिवसाला पंधरा दिवस असताना थोरलीने जेवताना सांगितलं, "पप्पा, मला चौकात फ्लेक्स पाहिजे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या घरात! मी तिला समजावलं, म्हणजे व्याख्यान दिलं. फ्लेक्स म्हणजे काय दर्जाची गोष्ट असते, त्यावर कोण लोक असतात, आपण कोण आहोत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्या मुलांचे लागले. एकाही मुलीचा नाही लागला. माझा पहिला लागेल."

"लागून काय होणार आहे?"

"सगळ्यांना दिसेल ना, मी आहे म्हणून."

"तुझा एवढा मोठा फोटो हॉलमध्ये आहे की."

तिने मान वळवून फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती सहसा माझ्या व्याख्यानांत पडत नाही. त्या दिवशी भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाली, "तुम्हाला मात्र प्रदर्शनात लावलेलं चालतं." मी तिकडे दुर्लक्ष केलं. प्रदर्शन आणि चौक यांतला फरक कळायला एक नजर लागते, आणि ती शिकवून येत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

थोरलीने माझ्याकडे पुन्हा विषय काढला नाही. तिने तो मामाकडे काढला.

माझा हा मेहुणा अमळनेरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. तालुक्यातल्या निम्म्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून त्याचं मुंडकं असतं, फोनसकट. माणूस मनाने चांगला, पण अभिरुची अशी, की त्याने घराच्या गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवला आहे. वाढदिवसाच्या तीन दिवस आधी तो जळगावला कामासाठी आला, चहा प्यायला आणि जाताना हॉलमधल्या फोटोसमोर मोबाईल धरून उभा राहिला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, याला काहीतरी कळलं. मी त्याला प्रकाशाची दिशाही समजावून सांगितली. तो "एक नंबर, जिजाजी, एक नंबर," म्हणत होता आणि थोरली त्याच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत होती.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो मुक्कामालाच आला. सकाळी साडेसहाला थोरली नवा फ्रॉक घालून, केसांत क्लिपा लावून तयार. मामाने मला उठवलं. "जिजाजी, चला चौकात. सरप्राइज आहे." मला काय असणार ते कळलं. रागही आला, पण पोरीचा चेहरा पाहून धाकटीला कडेवर घेतलं आणि निघालो. युवराजांच्या रांगेत आता माझ्या घरातली युवराज्ञी, गॉगल आणि वाघासकट, असं मनात म्हणत मी चाललो होतो. थोरली पुढे पळत होती.

वळणावर पोचलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

पुतळ्यासमोर दहा फुटी फ्लेक्स होता. त्यावर माझा फोटो, माझी 'प्रतीक्षा'. काळी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, खालच्या कोपऱ्यात एक मंद समई. वर पांढऱ्या बारीक अक्षरांत 'आमची लाडकी' आणि तिचं नाव. वाढदिवसाच्या शुभेच्छाही होत्या, पण तळाशी, राखाडी रंगात, इतक्या नाजूक की मलाही जवळ जाऊन वाचाव्या लागल्या. चौकात हार विकणारे एक आजोबा बसतात. त्यांनी झेंडूचा एक हार स्वतःहून फ्लेक्सच्या दांडीला बांधला होता. दूधवाला मोटरसायकल थांबवून उभा होता. त्याने डोक्याचा रुमाल काढला, फोटोला हात जोडले आणि गेला.

मी भौतिकशास्त्राचा माणूस, शकुन-अपशकुन मानत नाही. पण पोरगी चार पावलांवर जिवंत उभी असताना मी तिचा हात घट्ट पकडला, आणि तो गरम आहे याची खात्री करून घेतली.

धाकटी कडेवरून फ्लेक्सकडे पाहत होती. तिने थोरलीला विचारलं, "दीदी, तू देवाघरी गेली का?"

थोरली तिथूनच वळली आणि घराकडे चालायला लागली, पळत नाही, चालत. मामा कधी फ्लेक्सकडे पाहत होता, कधी माझ्याकडे. हारवाले आजोबा उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, काय झालं हो? कालपरवाच तर शाळेत जाताना दिसली होती."

घरी येऊन मामाने फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हा पन्नाशीचा गृहस्थ, वीस वर्षं या धंद्यात मुरलेला. मामाच्या शिव्या त्याने शांतपणे ऐकल्या. मग म्हणाला, "भाऊ, फोटो क्लासिक होता. त्याच्यावर फुगे, वाघ टाकले असते तर फोटोची माती झाली असती. म्हणून एकदम डिसेंट ठेवलं." उभ्या शहरात माझ्या फोटोचा मान राखणारा हा एकच माणूस निघाला, आणि त्याने माझी पोरगी जिवंतपणी चौकात टांगली होती.

फ्लेक्स आठ वाजता उतरवला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मामाच्या कुणा चुलतभावाने सकाळीच फ्लेक्सचा फोटो काढून नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. आमच्या ग्रुपवर वाढदिवसालाही हात जोडतात, मेल्यावरही जोडतात, गुड मॉर्निंगलाही जोडतात. एकाने जोडले की बाकीचे न वाचता जोडतात. तसे एकामागून एक हात जोडले गेले होते. बायको शाळेच्या नोकरीत शिकलेल्या शांतपणाने एकेकाला फोन करून सांगत बसली, की नाही हो, बरी आहे, वाढदिवस आहे, संध्याकाळी भरीत-पुरी खायला या.

एक फोन मात्र राहिला. दोंडाईच्याची माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण. तिला वाचता येत नाही. सुनेने मोबाईल धरला, तिने फोटो पाहिला, आणि पुढचं काही ऐकायला ती थांबलीच नाही. आमच्याकडे कुणी गेलं की फोन करून विचारत नाहीत, निघतात. दारावर जाणं म्हणतात त्याला. उशीर झाला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. फुई मिळेल त्या गाडीत बसली आणि साडेअकराला आमच्या फाटकाशी रिक्षातून उतरली. फाटकाला हात लावताच तिने पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला. साधं रडणं नव्हे. गेलेल्या माणसाशी बोलत, सूर धरून रडायची जी आमच्याकडची रीत आहे, तसं. "मनी माय वं, कोठे गयी वं तू, मले टाकीसन..." शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या काकू डोक्यावर पदर घेऊन बाहेरसुद्धा आल्या. त्यांनी सकाळी थोरलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण रडणं सुरू झालं की त्यांना राहवत नाही.

दार उघडलं थोरलीने.

फुई थांबली. सूर अर्ध्यावर तुटला. तिने थोरलीचे गाल चाचपले, दंड चाचपले, केसांतल्या क्लिपा हाताला लागल्या तेव्हा कुठे तिची खात्री पटली. मग ती पायरीवरच बसली आणि आता खरं रडायला लागली, सुराबिराशिवाय. थोरली तिच्या कुशीत घट्ट दाबली गेलेली, फ्रॉक चुरगळलेला. तीही रडायला लागली. सकाळपासून ती पहिल्यांदाच रडली.

पाणी पिऊन झाल्यावर फुईने मला समोर बोलावलं. तो फोटो कोणी काढला, विचारलं. मी काढला म्हणालो. तिने हॉलमधल्या फ्रेमकडे बोट केलं.

"हाऊ? असा काया फोटो काब्र काढा? डोया वर नहीत, दात दिखत नहीत. असा फोटो मरेल माणूसनाच ऱ्हास. जित्ती आंडेरनं मढं करी टाकं तू!"

जिवंत पोरीचं मी मढं करून टाकलं म्हणे. मला तिला सांगायचं होतं, की फुई, यात प्रकाश बघ, छटा बघ. कृष्णधवल म्हणजे काय, मौन म्हणजे काय. माझ्याकडे या विषयावर अख्खं भाषण तयार असतं. पण ती दोंडाईच्याहून रडत आली होती, आणि परीक्षकांना तो फोटो पाहून डोळ्यांत टिपूससुद्धा आला नव्हता. मी स्टूल घेतलं आणि फ्रेम खाली उतरवली. ती मी भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवली. फुईने ती तिथूनही हलवायला लावली.

मामा एव्हाना सावरला होता. तो म्हणाला, "जिजाजी, चार वाजेपर्यंत फ्लेक्सवाला नवा लावून देतो. पोरं पाच वाजता येणार आहेत. फक्त रंगीत फोटो द्या. हसरा, समोर बघणारा, एकदम मोठ्ठा." मग थोरलीकडे वळून विचारलं, "लावायचा ना गं?" तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. मला वाटलं होतं, ती आता नको म्हणेल. तिला अजूनही हवा होता.

मी कॉम्प्युटर चालू केला. दोन्ही मुलींचे जन्मापासूनचे फोटो, वर्षवार, महिनावार लावून ठेवलेले. माझ्या शिस्तीचा मला अभिमान आहे. थोरली पाठमोरी, थोरली आरशात, पडद्याआडून, झोपलेली, अभ्यास करताना, पावसाकडे बघताना. नुसती सावली. नुसते पैंजण. शेजारी बसून बायको पाहत होती, मामा उभा राहून पाहत होता. एक तास मी शोधलं. समोर बघून हसणारा एकही फोटो सापडला नाही. हसायची नाही असं नव्हतं. दिवसभर दात काढत असते. पण ती कॅमेऱ्याकडे बघून हसली, की तो फोटो मी त्याच दिवशी पुसून टाकत आलो होतो. तसले फोटो कुणीही काढतं, हे माझं तत्त्व. आठ वर्षं एकनिष्ठेने पाळलेलं.

"नाही का एकही?" मामाने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

"आत्ता काढतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

कॅमेरा घेऊन अंगणात आलो. थोरलीला पेरूच्या झाडाखाली उभं केलं. ऊन चांगलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि कुणी न सांगता तिने चेहरा थोडा वळवला, हनुवटी खाली घेतली, पापण्या झुकवल्या. अगदी सरावाने.

"तसं नको. इकडे बघ. हस."

तिने वर पाहिलं. ओठ थोडे हलले, मग पुन्हा मिटले.

"हस ना."

"हसले तर तुम्ही फोटो पुसता."

"आज नाही पुसणार."

तिने पुन्हा प्रयत्न केला. दात दिसले, पण ते हसणं नव्हतं, दातांच्या डॉक्टरला दाखवावे तसे दाखवलेले दात होते. मी तीन-चार वेळा बटण दाबलं. प्रत्येक आवाजाबरोबर तिची नजर आपोआप खाली जायची आणि मग माझ्या भीतीने वर यायची. फुई पायरीवरून पाहत होती, धाकटी तिच्या मांडीवर. मी विनोद सांगितला. वेडीवाकडी तोंडं केली. वर्गातली मुलं ज्या वाक्यांना हसतात ती वाक्यं म्हणून पाहिली. काहीही झालं नाही.

"मम्मी, तू काढ ना," थोरली म्हणाली.

बायको मोबाईल घेऊन आली. तिने पोरीला सरळ उन्हात तोंड करून उभं केलं, मागे वाळत घातलेल्या चादरी, झाडाची फांदी डोक्यातून उगवल्यासारखी. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात थोरलीने माझ्याकडे पाहिलं आणि नम्रपणे, पाहुण्यांशी बोलतात तशी म्हणाली,

"पप्पा, तुम्ही आत जा ना थोडा वेळ. तुम्ही बघत असलात की मला हसू येत नाही."

मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेर ती हसत होती.